मात्रा वाढवू नका, आधी आठवडाभर नुसतं पाणी पिऊन पाहा

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. दोन महिन्यांपूर्वी एका शिबिरात तुम्ही ककाओच्या (चॉकलेट ज्या बियांपासून होतं, त्यांच्या कडू पेयाच्या) विधीला बसलात, मनसोक्त रडलात, हलकं वाटलं. येताना पाकीट घेऊन आलात, आता तिसरं चालू आहे. रोज सकाळी ४० ग्रॅम ककाओ, मेणबत्ती, पांढऱ्या सेज या सुवासिक वनस्पतीची धुरी, वहीत संकल्प, असा तासाभराचा कार्यक्रम. पहिले दहा-बारा दिवस सुंदर गेले. आता काहीच 'होत' नाही. उलट छातीत धडधडतं आणि रात्री एक-दीडपर्यंत डोळा लागत नाही. तुम्ही विचारताय की मात्रा वाढवू का, की याहून 'उच्च प्रतीचं' ककाओ शोधू? शिवाय हे सगळं दुसऱ्या कुणाच्या परंपरेतून उचललंय, हे मनाला टोचतं, त्याचं काय?

आधी धडधडीचं बोलू, कारण बाकी सगळं थांबू शकतं. आजपासून ककाओ बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा. तुम्ही काही औषधं घेता का, हे प्रश्नात लिहिलेलं नाही. नैराश्यावरची, रक्तदाबाची, हृदयाच्या ठोक्यांची किंवा दम्याची गोळी चालू असेल, गरोदर असाल, अर्धशिशीचा त्रास असेल, तर पुन्हा सुरू करण्याआधी विचारणं आवश्यकच आहे. नैराश्यावरच्या औषधांत एमएओ इनहिबिटर नावाचा एक जुना गट आहे, त्याच्याबरोबर ककाओ चालत नाही. हे मी पुस्तकी सांगत नाहीये. पूर्वी मी कप हातात देण्याआधी काही विचारत नसे. एकदा एका पाहुणीला अर्ध्या तासात डोकं ठणकायला लागलं, नाडी धावायला लागली. ती गोळ्या घेत होती. तिनं सांगितलं नाही, कारण मी विचारलंच नव्हतं. चूक माझी होती. त्या दिवसापासून औषधांचा प्रश्न आधी आणि कप नंतर.

आता तुमच्या प्रश्नाकडे. तुम्ही विचारलंय मात्रेबद्दल, पण मला अडचण तिथे दिसत नाही. सणाचं ताट तुम्ही रोजच्या न्याहारीला मांडलंय. शिबिरात काय काय होतं आठवा. फोन बंद, सोबत अनोळखी माणसं, कप दुसऱ्या कुणीतरी करून दिलेला, नंतर भांडीही घासायची नव्हती, आणि दोन दिवस कुठेही पोचायची घाई नव्हती. त्या सगळ्यातून तुम्ही घरी आणलीत ती फक्त कपातली वस्तू. नव्याचे नऊ दिवस सरल्यावर वस्तू एकटी उरली, आणि वस्तू एकटी फार काही करत नाही. जे करते ते तुम्हाला सध्या रात्री एक वाजता जाणवतंय.

ती वस्तू काय आहे ते नीट समजून घेतलं की निम्मा गोंधळ मिटतो. ककाओ म्हणजे कोकोच, त्याच झाडाच्या बिया. कार्ल लिनियसनं १७५३ साली या झाडाला 'थिओब्रोमा' नाव दिलं, म्हणजे देवांचं अन्न. त्यातल्या मुख्य उत्तेजक द्रव्यालाही पुढे थिओब्रोमीन हेच नाव पडलं. बिया आंबवून, वाळवून, भाजून, पाखडून वाटल्या की घट्ट वडी होते. तिच्या वजनात ढोबळमानानं एक ते दीड टक्का थिओब्रोमीन असतं. म्हणजे तुमच्या ४० ग्रॅममध्ये ४०० ते ६०० मिलिग्रॅम, वर साधारण एका कॉफीइतकं कॅफीन. थिओब्रोमीन कॅफीनपेक्षा मऊ चालतं, पण रेंगाळतं फार. शरीरातलं प्रमाण निम्म्यावर यायला सहा ते आठ तास लागतात. सकाळी आठला घेतलेल्याचा चतुर्थांश भाग रात्री दहालाही तुमच्याबरोबर असतो. तुम्ही कॉफी सोडली नसेल, तर त्या कॅफीनवर हे वर चढतं.

मात्रा वाढवली की अनुभव वाढेल ही समजूतही खोटी निघते. नुसतं थिओब्रोमीन देऊन माणसांवर जे प्रयोग झाले, त्यांत मात्रा वाढेल तसं बरं वाटणं वाढत गेलं नाही. कमी मात्रेत लोकांना आवडलं, ती १००० मिलिग्रॅमपर्यंत नेली तेव्हा ठोके वाढले आणि मजा गेली. म्हणून वाढवू का, या प्रश्नाला माझं उत्तर सरळ 'नाही' आहे.

'आनंदाचं रसायन', 'प्रेमाचं रसायन' वगैरे पाकिटावर लिहिलेलं असतं, त्याबद्दलही एकदा बोलून टाकते. १९९६ साली चॉकलेटमध्ये आनंदमाइड सापडल्याचं प्रसिद्ध झालं. नाव आपल्या 'आनंद' या शब्दावरूनच पडलंय, त्यामुळे आपल्याला ते जास्तच गोड लागतं. पण त्याचं प्रमाण अत्यल्प असतं. फिनाइलइथाइलअमीन नावाचं दुसरं द्रव्य तर मेंदूपर्यंत पोचायच्या आतच शरीर बहुतेक मोडून टाकतं. शिबिरात तुम्ही रडलात ते खरं होतं. त्याचं श्रेय या दोन रसायनांना देणं म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला.

रोज ४० ग्रॅमला माझा विरोध आहे त्याचं आणखी एक कारण आहे, आणि विक्रेते ते क्वचितच सांगतात. कॅडमियम. ककाओचं झाड मातीतून हा जड धातू शोषतं, आणि लॅटिन अमेरिकेतल्या काही भागांतल्या मातीत तो जास्त असतो. युरोपीय संघात ५० टक्के किंवा त्याहून जास्त कोको असलेल्या चॉकलेटला २०१९पासून किलोमागे ०.८० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. समजा तुमची वडी नेमकी त्या मर्यादेवर आहे. मग ४० ग्रॅममध्ये ३२ मायक्रोग्रॅम, आठवड्याला २२४. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं आठवड्याला शरीराच्या दर किलोमागे २.५ मायक्रोग्रॅम ही सोसवण्याची हद्द धरली आहे. ६० किलोच्या माणसाला ती १५० पडते, आणि त्यात बाकीच्या अन्नातून येणारं कॅडमियमही धरायचं असतं. अनेक वड्यांत प्रमाण याहून कमी असतं, त्यामुळे घाबरून जाऊ नका. पण हेच १५ ग्रॅम आठवड्यातून तीनदा घेतलं तर ३६ मायक्रोग्रॅमवर भागतं. माझ्या घरात हेच माप आहे, आणि ते मी कुठल्या गुरूकडून घेतलेलं नाही, कागदावर गुणाकार करून काढलंय.

'उच्च प्रतीचं' शोधू का, याचं उत्तरही इथेच देते. 'सेरिमोनियल ग्रेड', म्हणजे 'खास विधीसाठीची प्रत', हा शिक्का कुठल्याही कायद्यात नाही, तो देणारी मान्यताप्राप्त संस्था नाही. कुणीही छापू शकतो. विक्रेत्याला चार साध्या गोष्टी विचारा. वडीत बियांशिवाय काही आहे का, बी कुठल्या भागातलं आणि कुणाकडून घेतलेलं आहे, ते नीट आंबवलंय का, आणि कॅडमियमचा तपासणी अहवाल दाखवता का. शेवटच्या प्रश्नावर जो चिडतो त्याच्याकडून मी घेत नाही. चरबी काढलेली पूड या कामाला मला आवडत नाही. १८२८मध्ये नेदरलँड्समधल्या व्हान हाउटेननी पिळून चरबी वेगळी करायची युक्ती काढली, तेव्हापासून पूड स्वस्त आणि सोयीची झाली. पण वडीतल्या त्या पन्नास टक्के चरबीमुळेच कप जड आणि सावकाश होतो. घाईत तो घशाखाली उतरतच नाही, आणि आपल्याला तेच हवंय.

आता परंपरेबद्दल. तुम्हाला टोचतंय हे चांगलं आहे, पण नेमकं कुठे टोचायला हवं ते पाहू. गोल करून बसायचं, संकल्प बोलायचा, संगीत लावायचं, प्रत्येकाच्या हातात मोठा कप, हा आजचा साचा अलीकडचा आहे. तो मुख्यतः ग्वाटेमालातल्या आतित्लान सरोवराच्या परिसरातून गेल्या काही दशकांत पसरला. त्याला 'माया लोकांचा' (म्हणजे मेक्सिको-ग्वाटेमाला भागातल्या मूळ रहिवाशांचा) 'पाच हजार वर्षांचा विधी' म्हणणं चूक आहे. ककाओच्या वापराचे आजवरचे सर्वांत जुने पुरावे माया प्रदेशातले नाहीतच. ते इक्वाडोरमधल्या सांता आना-ला फ्लोरिडा इथले, सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचे आहेत; ते २०१८मध्ये प्रसिद्ध झाले. माया लोकांचा ककाओ खरा आणि वेगळा आहे. ग्वाटेमालातल्या रिओ अझुल या प्राचीन माया नगरातल्या थडग्यात १९८४मध्ये झाकणाचं एक मातीचं भांडं सापडलं. त्यावर ककाओचं नाव चित्रलिपीत लिहिलेलं होतं आणि आतल्या खरवडीत थिओब्रोमीन निघालं. तिथे ककाओ लग्नात होता, मृतांबरोबर होता, आणि आजही ग्वाटेमालात होमासारख्या अग्निविधीत कोपाल राळेबरोबर ककाओच्या बिया जाळल्या जातात. कोस्टा रिकातल्या ब्रिब्री लोकांत हे झाड मुळात एक स्त्री होती आणि सिबू देवानं तिचं झाड केलं, असं मानतात. पवित्र पेय करण्याचा आणि वाढण्याचा मान बायकांचाच.

हे सगळं त्यांचं. त्यांची गाणी, त्यांच्या देवांची नावं, त्यांचा अग्नी आपण घरी मांडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पण कडू बी वाटून गरम पाण्यात फेसाळून पिणं, आणि पिताना ते कुठून आलं हे ठाऊक असणं, यात मला चोरी दिसत नाही. खोटी वंशावळ लावू नका, एवढं पाळलंत तर टोचणी बरीच कमी होईल. माझी झाली.

आणि 'रोजच्या जगण्यात' आणायचं तर त्या प्रदेशातलीच एक गोष्ट मला सर्वांत जास्त शिकवून गेली. मेक्सिकोतल्या वाहाकामध्ये तेहाते नावाचं थंड पेय बाजारात मोठ्या पसरट भांड्यांतून विकतात. त्यात मुख्य असतो मका, राखेच्या पाण्यात शिजवलेला. ककाओ थोडा, मामेय फळाची बी, आणि एक वासाचं फूल. बायका ते मिश्रण पाण्यात कोपरापर्यंत हात घालून घुसळत राहतात, तोवर वर पांढरट फेसाचा थर येतो. ककाओ चिमूटभर आणि हात मणभर. माया चित्रकलेतही तेच आहे. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संग्रहालयात साधारण आठव्या शतकातलं एक भांडं आहे. त्यावर एक बाई उभी राहून उंचावरून एका पात्रातून दुसऱ्यात धार सोडते आहे, फेस यावा म्हणून. तिथे मोल होतं ते फेसाला. आपण आज मोजतो ग्रॅम.

इथून माझं म्हणणं सुरू होतं. मीही पहिलं वर्ष तुमच्यासारखंच केलं: मोठा कप, रोज, पहाटे. झोप गेली, वजन वाढलं, आणि सर्वांत वाईट म्हणजे कंटाळा आला. मग एका आठवड्यात वडी संपली होती आणि नवी यायला वेळ होता. सवयीनं मी तोच कप काढला, तीच रवी काढली, पाणी तापवलं आणि नुसतं पाणी घुसळून प्यायले. वेडेपणाच होता, पण सोडवेना. चौथ्या दिवशी लक्षात आलं की सकाळचा मोठा भाग शाबूत आहे. गेली होती ती फक्त छातीतली ऊब आणि तासाभराची तरतरी. तेव्हापासून कुणीही मला 'आता काही होत नाही' म्हणालं की मी त्याला पाण्याचा आठवडा सांगते.

तुम्हीही तेच करा. कसंही ककाओ बंद ठेवायचंच आहे. सात दिवस, त्याच वेळी, त्याच कपात गरम पाणी. जे उरेल तो तुमचा विधी, जे जाईल ते थिओब्रोमीन. काहीच उरलं नाही तर तेही कळू दे. मग तुम्हाला एक उत्तेजक पेय हवं होतं, आणि त्यात काही कमीपणा नाही. त्याला मेणबत्तीची गरज नाही एवढंच.

आठवड्यानंतर डॉक्टर हो म्हणाले आणि तुम्हालाही हवंसं वाटलं, तर मी कसं करते ते सांगते. १५ ग्रॅम वडी सुरीनं पातळ तासायची, किसायची नाही, तासायची. सुरी हळू चालते. पोटात आधी दोन घास काहीतरी असू द्या. उपाशीपोटी घेतलं की चरबीनं मळमळतं, आणि त्या मळमळीला काही आयोजक 'शुद्धी' म्हणतात, मला ते पटत नाही. पाणी दीडशे-पावणेदोनशे मिलिलिटर, वाफा येईपर्यंत तापवायचं, उकळी फुटू द्यायची नाही. आधी दोन-तीन चमचे पाण्यात तासलेली वडी घोटून पेस्ट करायची, नाहीतर गुठळ्या राहतात आणि तूप सुटल्यासारखी चरबी वर येते. मग उरलेलं पाणी घालून लाकडी रवीनं फेस येईपर्यंत घुसळायचं. माझ्या हाताला तीन मिनिटं लागतात. विजेचा घुसळणारा दांडा वीस सेकंदांत फेस काढतो आणि नेमकी ती तीन मिनिटं खाऊन टाकतो, म्हणून मी तो देऊन टाकला. चिमूट तिखट चालतं, तिकडेही घालत. साखर पहिल्या आठवड्यात हवी तर घाला, पुढे आपोआप सुटते.

पिताना काय करायचं हा प्रश्न लोक फार जड करतात. मी सुरुवातीची एक खूण ठेवते आणि शेवटची एक. खिडकी उघडते तेव्हा सुरू, कप धुऊन पालथा घालते तेव्हा संपलं. मधे काहीही होवो. कधी काही सुचतं, कधी दूधवाल्याचा हिशेब आठवतो. संकल्प मी महिन्यातून एकदा लिहिते. रोज लिहायला लागलात की तिसऱ्या आठवड्यात वही खोटं बोलायला लागते, तुमच्याही वहीत पाहा. एकूण पंधरा-वीस मिनिटं, त्याहून जास्त नाही. तासाचा विधी पहिल्या धावपळीच्या दिवशी मोडतो, आणि एकदा मोडला की अपराधी वाटून कायमचा सुटतो. मोठा कप, माणसं, संगीत, हे वर्षातून दोन-तीनदा ठेवा. तेव्हाही मी माणशी २५ ग्रॅमच्या वर जात नाही आणि दुपारी दोननंतर कुणाला देत नाही.

सेजबद्दल थोडं परखड बोलते. पांढरी सेज मूळची दक्षिण कॅलिफोर्निया आणि बाहा कॅलिफोर्नियाची. बाजारातली बरीचशी रानातून ओरबाडलेली असते, चोरूनसुद्धा. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या कितीतरी विधींवर सरकारी बंदी होती. त्यांच्या धर्मस्वातंत्र्याचा कायदा १९७८ साली झाला. ज्यांना स्वतःचे विधी लपवून करावे लागले, त्यांचीच वनस्पती आपण मनःशांतीसाठी जाळायची, हे मला जमत नाही. धुरीसाठी जाळतात ते पालो सांतोचं लाकूडही तसंच. झाड आपोआप मरून वर्षानुवर्षं पडून राहिलं की त्याला तो वास चढतो, घाईनं तोडलेल्याला नाही. शिवाय बंद खोलीत रोज धूर म्हणजे छातीला त्रासच, आणि तुमची छाती आधीच तक्रार करतेय.

जाळण्याऐवजी वाढवा. कुंडीत वासाचं एक झाड लावा, रोझमेरी म्हणा, पुदिना म्हणा. पाणी तापेपर्यंत त्याला पाणी घाला, एक पान चुरगळून हुंगा, माती कोरडी आहे का बोटानं पाहा. वनस्पतींशी नातं हा शब्द शिबिरांत फार ऐकू येतो. पण कुंडीतलं झाड तुम्ही चार दिवस विसरलात की मान टाकून दाखवतं, पाकिटातल्या वाळक्या जुडीला तुमच्या विसरण्याचा पत्ताच नसतो.

मैत्रिणींना बोलावून हे करू का, असंही तुम्ही शेवटच्या ओळीत विचारलंय. बोलवा, पण आठवडा आणि पुढचे दोन-तीन महिने उरकल्यावर. प्रत्येकीला औषधांचं आधी, एकेकटीला विचारा. सगळ्यांसमोर विचारलं की माणसं नाही म्हणतात.

उरलेली वडी फेकू नका. घट्ट डब्यात, थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी ती महिनोन्महिने टिकते. वर पांढुरकी झाक आली तर बहुतेक वेळा ती वर आलेली चरबी असते, बुरशी नाही. कापसासारखी लव किंवा कुबट वास असेल तरच टाका. आणि घरात कुत्रं-मांजर असेल तर डबा वरच्या फळीवर ठेवा. थिओब्रोमीन त्यांच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडतं, आणि तुमच्या एका कपाइतकी वडी लहान कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते.